रोगाची जाहिरात

दुकानदाराने आपल्या मालाचे नावही उच्चारू नये आणि तरी माल धडाक्याने खपावा, असा व्यापार आमच्या वाचकांनी कधी पाहिला आहे काय? तो आज आपल्या सर्वांच्या डोळ्यांदेखत चालू आहे. लोकलच्या डब्यात, हमरस्त्यावरील फलकांवर, मोबाइलच्या पडद्यावर आणि, हे कबूल करणे आमचे कर्तव्यच आहे, वर्तमानपत्रांच्या पानांवरही आरोग्याविषयी ‘जनजागृती’ करणारा सुबक मजकूर झळकत असतो. त्यात औषधाचे नाव नसते. रोगाची लक्षणे असतात, वाचणाऱ्याच्या मनात शंकेचा किडा सोडणारा एखादा प्रश्न असतो, आजच डॉक्टरांना भेटा असा हितोपदेश असतो आणि कोपऱ्यात, भिंग लावून वाचावे अशा अक्षरांत, पुष्कळदा एखाद्या औषध कंपनीचे नाव असते. ही कंपनी त्याच रोगावरचे औषध विकते, एवढी एकच गोष्ट सांगावयाची तेवढी राहून जाते!

हा प्रकार कसा उद्भवला, हे समजण्यासाठी कायद्याकडे वळले पाहिजे. १९५४ साली संसदेने औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा संमत केला. त्याच्या परिशिष्टात कर्करोग, मधुमेह, अंधत्व, लठ्ठपणा अशा रोगांची लांबलचक यादी आहे. या रोगांवर अमुक औषध गुणकारी आहे, असे जाहिरातीद्वारे लोकांना सांगण्यास त्या कायद्याने बंदी केली. हमदर्द दवाखान्याने त्याला आव्हान दिले, तेव्हा १९५९ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने कायद्यातील काही भाग रद्द केला खरा. परंतु औषधाची व्यापारी जाहिरात म्हणजे भाषणस्वातंत्र्य नव्हे, असा स्पष्ट निर्वाळा दिला. पुढे १९९५ साली टाटा प्रेसच्या खटल्यात त्याच न्यायालयाने व्यापारी जाहिरातीलाही भाषणस्वातंत्र्याचे छत्र दिले. मात्र फसव्या जाहिरातीला ते छत्र लाभणार नाही, हेही बजावले. शिवाय डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून जी औषधे विकता येत नाहीत, त्यांची जाहिरात केंद्र सरकारच्या पूर्वसंमतीवाचून करू नये, असा औषध नियमांचा दंडक आहे. कुंपण असे भक्कम आहे. म्हणून चतुर व्यापाऱ्याने ते मोडले नाही. त्याने त्याला वळसा घातला. औषधाचे नाव घेण्यास मनाई आहे ना? मग रोगाचेच नाव घ्यावे! औषधाची जाहिरात बंद झाली आणि रोगाची जाहिरात सुरू झाली.

ज्या देशांत हे कुंपणच नाही, तेथे काय घडले हे पाहण्यासारखे आहे. श्रीमंत राष्ट्रांपैकी केवळ अमेरिका आणि न्यूझीलंड या दोघांनीच चिठ्ठीवरच्या औषधांची जाहिरात थेट लोकांपुढे करण्यास मुभा दिली आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९७ साली टीव्हीवरील अशा जाहिरातींचे नियम सैल केले आणि हसऱ्या चेहऱ्यांच्या आजी-आजोबांनी घरोघरचे पडदे व्यापून टाकले. १९९९ साली व्हायॉक्स नावाचे संधिवातावरील वेदनाशामक बाजारात आले. २००० या एका वर्षात त्याच्या लोकांपुढील जाहिरातीवर १६ कोटी डॉलरांहून अधिक रक्कम खर्च झाली. जुन्या स्वस्त गोळ्यांनी ज्यांचे भागले असते, अशा असंख्य माणसांनी ते औषध डॉक्टरांकडे मागून घेतले. २००४ च्या सप्टेंबरात, दीर्घकाळ घेतल्यास हृदयविकार आणि पक्षाघात यांचा धोका त्याने वाढतो असे चाचणीत दिसल्यावर, कंपनीने ते बाजारातून काढून घेतले. २००७ साली दावे मिटविण्यासाठी तिला ४८५ कोटी डॉलर देण्याचे मान्य करावे लागले. तेच औषध आपल्याकडेही विकले जात होते. २००४ सालीच भारत सरकारने त्यावर बंदी घातली. अशा जाहिरातींवर बंदी घाला, असे २०१५ साली खुद्द अमेरिकेच्या डॉक्टरांची संघटना म्हणू लागली आणि २०२५ च्या सप्टेंबरात तेथील अध्यक्षांना या जाहिरातींना लगाम घालण्याचा आदेश काढावा लागला. अठ्ठावीस वर्षांपूर्वी उघडलेले दार लोटून घेण्याची ही धडपड आहे. आपण ते दार मागच्या अंगाने उघडत आहोत.

यावर कोणी म्हणेल, लोकांना रोगाची माहिती मिळाली तर त्यात बिघडले काय? आपल्या देशात सुमारे १० कोटी १० लक्ष मधुमेही आहेत, असा अंदाज भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाहणीने २०२३ साली प्रसिद्ध केला. आपणांस मधुमेह आहे याचा पत्ताही नसलेली माणसे आपल्या आळीत, कचेरीत, कदाचित आपल्या घरातही असतील. त्यांना कोणीतरी जागे केलेच पाहिजे. हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. आमचे म्हणणे एवढेच, की जागे करणारा कोण आणि जागे करून तो आपणांस कोठे नेतो, हे पाहिल्यावाचून जागृतीची पारख होत नाही. पोलिओच्या ‘दोन थेंबां’ची हाक या देशाने वर्षानुवर्षे ऐकली. तीमागे सार्वजनिक पैसा होता, लस फुकट होती, ती पाजणारी बाई दारात येत होती. २०१४ साली आपला देश पोलिओमुक्त ठरला, तो त्या हाकेमुळे. ती हाक ऐकून कोणाचा खिसा रिकामा झाला नाही.

आता दुसरी हाक ऐका. वजन घटविण्याची नवी इंजेक्शने आपल्याकडे आली आहेत. तिरझेपाटाइड हे त्यांपैकी एक, २०२५ च्या मार्चमध्ये मौंजारो या नावाने बाजारात आले, तेव्हा त्याची सर्वांत कमी मात्रेची कुपी ३,५०० रुपयांना आणि तिच्या वरची ४,३७५ रुपयांना होती. इंजेक्शन दर आठवड्याला घ्यावयाचे, म्हणजे महिन्याचा हिशेब वाचकांनीच करावा. औषध निरुपयोगी आहे, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. लठ्ठपणा हा खराखुरा विकार आहे, तो आळशीपणाचा दंड नव्हे, आणि पुष्कळ रुग्णांना या औषधाने मोठा दिलासा मिळाला आहे. परंतु ते थांबविले की घटलेले वजन बरेचसे परत येते, मळमळ व उलट्या यांचा त्रास अनेकांना होतो, हेही चाचण्यांतच दिसून आले आहे. म्हणजे हा एका महिन्याचा खर्च नव्हे. मुलांची फी आणि घराचा हप्ता यांची तोंडमिळवणी करणाऱ्या संसारात तो वर्षानुवर्षे वाढून ठेवलेला खर्च आहे. रोगाची जाहिरात यांपैकी काहीच सांगत नाही. सांगणार कशी? औषधाचे नावच घ्यावयाचे नाही, म्हणून त्याचे दोष सांगण्याच्या जबाबदारीतूनही ती सुटते. अमेरिकेतील उघड जाहिरातीला निदान धोक्यांची यादी भराभर वाचून दाखवावी लागते. आमच्याकडील या मुक्या जाहिरातीला तेवढेही बंधन नाही.

पण शेवटी निर्णय डॉक्टरच करणार ना, असे म्हणून मनाची समजूत घालता येईल काय? ज्या देशात चिठ्ठीवाचून गोळी मिळत नाही, तेथे त्या समजुतीला काही अर्थ आहे. आपल्या शहरात चिठ्ठी न दाखविता काय काय मिळते, हे कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात दहा मिनिटे उभे राहणाऱ्या कोणालाही कळेल. जाहिरातीने मनात इच्छा पेरावी आणि दुकानदाराने ती चिठ्ठीवाचून पुरवावी, या दोहोंच्या मध्ये डॉक्टर उरतोच कोठे? आणि कर्तव्यदक्ष अधिकारी भिंतींवर हमखास इलाज रंगविणाऱ्या भोंदू वैद्यामागे धावतात, लक्षावधी रुपयांच्या गुळगुळीत फलकाखालून मान खाली घालून जातात. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, ते हेच!

आमची मागणी अवास्तव नाही. ज्याला उपाय विकावयाचा आहे, त्याने रोगाविषयी बोलावयाचे असेल तर तोंड झाकून बोलू नये. औषध कंपनीच्या पैशाने निघणारी प्रत्येक ‘जनजागृती’ ही त्या औषधाची जाहिरात मानली जावी आणि तिला पूर्वसंमतीचा नियम लागू व्हावा. हा पैसा कोणाचा आणि तो देणारा या रोगावर काय विकतो, हे मजकुराइतक्याच ठळक अक्षरांत छापण्याची सक्ती व्हावी. व्यासपीठावरून बोलणाऱ्या डॉक्टरांनी मानधन कोणाकडून घेतले, ते आधी सांगावे. अन्न व औषध प्रशासनाने चिठ्ठीचा नियम दुकानादुकानांत अमलात आणावा. आणि खरी जागृती सरकारने स्वतःच्या खर्चाने, सोप्या मराठीत करावी; तीत महागड्या औषधाबरोबर आहार, चालणे आणि स्वस्त पर्यायही यावेत.

राहिला प्रश्न वर्तमानपत्रांचा. १९५४ चा कायदा आक्षेपार्ह जाहिरात देणाऱ्याला पकडतो, तसा ती प्रसिद्ध करण्यात भाग घेणाऱ्यालाही पकडतो. जाहिरातीच्या उत्पन्नावर आम्हीही जगतो, आणि म्हणूनच हे लिहिणे आमच्या सोयीचे नाही. परंतु वाचक सकाळी आमचा अंक उघडतो तो विश्वासाने. बातमीच्या वेषात आलेली जाहिरात त्या विश्वासाची चोरी करते, आणि चोराला दार उघडून देणारा निर्दोष ठरत नाही. पैसे घेऊन छापलेल्या आरोग्यविषयक मजकुरावर ‘जाहिरात’ हा शब्द आणि पैसे देणाऱ्याचे नाव माथ्यावरच छापणे, एवढे तर कायद्याची वाट न पाहता आम्हां सर्वांना उद्यापासून करता येईल. माणूस आजारी आहे की नाही, हे त्याला सांगण्याचा अधिकार त्याच्या प्रकृतीची काळजी असलेल्याचा आहे. त्याच्या आजारावर ज्याचा नफा अवलंबून आहे, त्याचा नव्हे.