उपचाराच्या नावाखालची कैद

१/ भिवंडीत एखाद्या बालकावर अत्याचार झाला की मागणी उठते : गुन्हेगाराला कायमचे कोंडा, शिक्षा संपली तरी सोडू नका. संताप रास्त आहे. पण हा उपाय या देशाने एकदा भोगलेला आहे.

२/ १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या दुसऱ्या भागात तृतीयपंथीयांची नोंदवही होती. कलम ३७७ खालील गुन्ह्याचा संशयही नोंदीस पुरेसा असे. तो भाग १९११ मध्ये गळाला, कायदा राहिला.

३/ सोलापूरची कुंपणातली वसाहतही ‘सुधारणे’साठीच होती. ती व्यवस्था संपली ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, कायदाच रद्द झाल्यामुळे. कोणी ‘सुधारले’ म्हणून नव्हे.

४/ अमेरिकेतील काही राज्ये शिक्षा भोगलेल्या लैंगिक गुन्हेगारांना दिवाणी आदेशाने ‘उपचारा’साठी डांबतात. मिनेसोटात २०१५ पर्यंत असे सुमारे ७०० जण होते. दोन दशकांत पूर्ण मुक्तता एकाचीही नाही. अशा जागेला रुग्णालय कसे म्हणावे?

५/ मग पीडितांचे काय? त्यांच्यासाठीच उपचार शिक्षेच्या पहिल्या दिवसापासून, तुरुंगातच हवेत आणि सुटकेनंतर देखरेख हवी. २०१३ मध्ये न्या. वर्मा समितीने रासायनिक खच्चीकरण नाकारले, कारण ते अत्याचाराच्या सामाजिक मुळांपर्यंत पोहोचत नाही. २०१८ मध्ये लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद आली. पण नोंद म्हणजे उपचार नव्हे.

६/ तुरुंगातील वर्षे वाया घालवून शेवटच्या दिवशी ‘हा अजून धोकादायक आहे’ म्हणणारे शासन स्वतःचेच अपयश कैद्याच्या माथी मारते. त्याने भिवंडीतले एकही मूल सुरक्षित होत नाही.