झोळीतले बाळ आणि शेतातले काम

खतांच्या मात्रा आणि फवारणीच्या वेळा सांगणारा माणूस या खेपेस तान्ह्या बाळाच्या दिवसाच्या झोपेवर लिहायला बसला आहे, हे पाहून काहींना हसू येईल. पण खुरपणीच्या दिवसांत बांधावर उभे राहिले की दिसते ते हेच. बाई पात धरते, चार हात पुढे सरकत नाही तोच कडुलिंबाखालच्या झोळीतून रडणे ऐकू येते. ती उठते, पाजते, झोके देते, परत येऊन बसते, की पुन्हा रडणे. दिवसअखेर पात मागे पडलेली आणि बाळही अर्धझोपेने किरकिरणारे. पुष्कळ घरी यावर तोडगा असतो तो असा की, चौथीतल्या थोरल्या मुलीची शाळा बुडवून झोळीची दोरी तिच्या हाती द्यायची. तेव्हा हा बायकांचा विषय म्हणून पुरुष मंडळींनी पान उलटू नये.

पहिले तीन महिने बाळाला वेळापत्रक लावायच्या भानगडीत पडू नका. ते भूक लागली की उठते, पोट भरले की निजते. इतकेच करावे की, दिवसा त्याला उजेडात, घरच्या नेहमीच्या आवाजात झोपू द्यावे आणि रात्री दिवा मंद, बोलणे हळू ठेवावे. चौथ्या महिन्यापासून झोपेला थोडा आकार येऊ लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेल्या मार्गदर्शनाप्रमाणे चार ते अकरा महिन्यांच्या बाळाला चोवीस तासांत, दिवसाची झोप धरून, १२ ते १६ तास झोप हवी. एक ते दोन वर्षांच्या मुलाला ११ ते १४ तास. सहा महिन्यांच्या सुमारास दिवसा दोन-तीन वेळा झोप, पुढे दोन वेळा, आणि वर्ष-दीड वर्षाचे झाले की दुपारच्या जेवणानंतरची एकच, असा साधारण क्रम असतो. शेजारणीच्या बाळाशी ताडून पाहू नये.

दिवसा जागे ठेवले की रात्री गाढ झोपते, असे आपल्याकडे सर्रास म्हणतात. बहुधा उलटेच होते. फार थकलेले बाळ झोपायलाच तयार होत नाही, आणि झोपले तरी दचकून उठते. पिकाने माना टाकेपर्यंत पाण्याची पाळी लांबवायची नसते, तसेच हे. बाळ डोळे चोळू लागले, कान ओढू लागले, खेळता खेळता एकटक पाहत राहिले की समजावे, पाळी आली. सहा-आठ महिन्यांचे बाळ उठल्यापासून दोन-अडीच तासांत पुन्हा पेंगते. म्हणजे पहाटे सहाला उठलेले बाळ साडेआठच्या आसपास झोपेला येणार, मग दुपारी एकच्या सुमारास.

सवय लागते ती घड्याळापेक्षा क्रमाने. आपल्या घरची आजी हे जाणते: तेल लावले, ऊन पाण्याने न्हाऊ घातले, पाजले, की बाळ निजते. रोज तेच, त्याच क्रमाने. यातली धुरी तेवढी सोडावी. कोवळ्या फुप्फुसांना धूर सोसत नाही. दुपारी अंघोळ नाही, पण अंग पुसणे, पाजणे, तीच अंगाई, तीच जागा एवढे करता येते. डोळे जड झाले, पण पुरते मिटले नाहीत, अशा वेळी खाली ठेवले तर बाळ झोक्यावाचून झोपायला शिकते. पंधरा दिवस चिकाटी धरावी लागते. मधेच पाहुणे आले म्हणून क्रम मोडला, तर पुन्हा पहिल्यापासून.

मग कामच या झोपांभोवती बसवावे. सकाळची झोप घरी उरकून आई शेतावर गेली, तर दुपारच्या झोपेचा तास-दीड तास तिला सलग मिळतो. शेतात पाच बायकांची पोरे असतील, तर एकीने मुलांपाशी बसावे आणि तिची मजुरी कापू नये. २००५ सालच्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यात कामावर पाच किंवा अधिक लहान मुले असली तर एका बाईला त्यांच्यासाठी नेमून तिला मजुरी देण्याची तरतूद होती. सरकारी कामावर जे ठरवता आले, ते आपल्या बांधावर का ठरवू नये?

आता झोळीविषयी. विंचू-किरडू, मुंग्या यांपासून ती वाचवते हे खरे. पण फार खोल झोळीत लहान बाळाची हनुवटी छातीला टेकते आणि श्वास कोंडतो. बाळ पाठीवर, सपाट निजलेले केव्हाही बरे. घरी बाजेवर निजवले तर उशी, जड गोधडी नको आणि कोणीतरी जवळ हवे. कुशीवर वळू लागले की झोळी बंद. उन्हासाठी झोळीवर लुगडे पांघरतात, त्याने आत हवा कोंडून उकाडा वाढतो. पातळ मच्छरदाणी घालावी आणि सावली सरकेल तशी झोळी हलवावी.

आणि माझ्या खात्यातले, म्हणून जरा कडक सांगतो. औषधाच्या किंवा खताच्या रिकाम्या पोत्याची झोळी मी पाहिली आहे. औषध लावलेल्या बियाण्याची पिशवी बाळाच्या उशाला घेतलेलीही पाहिली आहे. धुऊन घेतली, हे उत्तर चालणार नाही. डब्यावरचा हिरवा त्रिकोण म्हणजे निर्धोक नव्हे, तो फक्त लाल, पिवळ्या, निळ्यापेक्षा कमी विषारी. फवारणीच्या दिवशी बाळ शेतात आणूच नये, शेजारच्या शेतात फवारणी असली तरीही. पंप उतरवून आलेल्या बापाने अंघोळ करून, कपडे बदलूनच बाळाला उचलावे, आणि ते कपडे बाळोत्यांत मिसळू नयेत.

झोपेसाठी औषध देण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. मुंबईच्या गिरण्यांच्या काळात कामावर जाणाऱ्या आया अफूची बाळगोळी देत. तिने बाळ शांत होई, पण श्वास मंद होत होत काही वेळा थांबेही. आज अफू नाही, तर सर्दी-खोकल्याचे गुंगी आणणारे औषध दुकानातून येते. जायफळाचे वेढेही मोजून द्यावे असे म्हणतात. मी म्हणेन, देऊच नयेत. सहा महिने आईच्या दुधाखेरीज काही नको.

बाळ नेहमीपेक्षा फार वेळ झोपले, हलवूनही नीट जागे होईना, अंगावर ओढेना, श्वास मंद किंवा घरघरता वाटला, तोंडाला फेस आला, तर झोप लागली आहे म्हणून वाट पाहू नका. तडक दवाखाना गाठा, १०८ ला फोन करा. शेतात फवारणी झाली असेल किंवा बाळाला काही पाजले असेल, तर तो डबा किंवा बाटली लेबलासकट डॉक्टरांना दाखवायला बरोबर न्या.