लोकांना चालणार नाही

यंदाच्या अंकाच्या मुखपृष्ठावर बाई नाही. दोन खुर्च्या आहेत, एक मोठी आणि तिच्या जरा मागे एक लहान. दोन्ही रिकाम्या. ऑगस्टमध्ये चित्र हाती आलं, तेव्हा आमचे जुने वितरक चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, ''साहेब, मला आवडलं. पण लोकांना चालणार नाही.''

हे वाक्य वर्षभर माझ्या मागे लागलं आहे. एका जाहिरातदारांना आमची एक कथा फार आवडली, पण लोकांना चालणार नव्हती. एका लेखकाने स्वतःच्याच लेखातले दोन धारदार परिच्छेद कापून पाठवले, कारण तेच. ज्याला त्याला विचारावं तर तो स्वतः उदार असतो, कोते असतात ते फक्त 'लोक'. आणि खरोखर न चालणारी गोष्ट येते तेव्हा मात्र या जाणकारांना तिचा वास लागत नाही. शाळेत पहिलीपासून हिंदी शिकवण्याचे सरकारी आदेश जूनअखेर मागे घ्यावे लागले, तेव्हा आपण ते पाहिलंच.

वर्षात आणखीही बरंच घडलं. शास्त्रज्ञ जयंत नारळीकर गेले. शिवरायांचे किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. सप्टेंबरच्या पावसाने मराठवाड्यातली उभी पिकं नेली. त्यावर आत लेख आहे, तो आधी वाचा.

अंकाचा विषय 'जोडीदार'. संसारातले, मैफलीतले, दुकानाच्या पाटीवरचे असे सगळे जोडीदार आत भेटतील. मला जो जोडीदार सुचला तो जरा लांबचा आहे. अमेरिकेत अध्यक्षपदाचा उमेदवार आपल्याबरोबर उपाध्यक्षपदासाठी एकाला उभं करतो, त्याला 'रनिंग मेट' म्हणतात. शब्द मुळात शर्यतीच्या घोड्यांचा: पहिल्याला वेग मिळावा म्हणून त्याच तबेल्यातला दुसरा बरोबर पळवायचा. 'लोकांना चालणार नाही' या वाक्याची खरी पागा तिथेच आहे.

2025च्या सप्टेंबरात, आदल्या वर्षीच्या अध्यक्षीय निवडणुकीतल्या उमेदवार कमला हॅरिस यांचं '१०७ डेज' हे पुस्तक आलं. त्यांच्या मनातले पहिले जोडीदार होते पीट बुटिजेज. पण आपण स्त्री, त्यात कृष्णवर्णीय, नवरा ज्यू. वर जोडीला बुटिजेज यांच्यासारखा समलिंगी पुरुष म्हणजे देशाकडे फारच मागणं झालं, असं त्यांना वाटलं. मग मिनेसोटाचे गव्हर्नर टिम वॉल्झ आले आणि निवडणूक तरीही गेली. बुटिजेज असते तर जिंकल्या असत्या, असा माझा दावा नाही. मला खटकतं ते एवढंच, की नकार लोकांनी दिला नव्हता. त्यांच्या वतीने तो आधीच देऊन टाकला गेला.

2008 साली रिपब्लिकन उमेदवार जॉन मॅकेन यांना जो लिबरमन हवे होते. मूळचे डेमोक्रॅट, 2000 साली अल गोर यांच्याच जोडीला उभे राहिलेले, आणि गर्भपाताच्या हक्काचे समर्थक. सल्लागारांनी बजावलं, पक्षाला चालणार नाही, अधिवेशनात बंड होईल. मॅकेन मागे हटले आणि ज्यांची त्यांना जेमतेम ओळख होती त्या अलास्काच्या गव्हर्नर सारा पेलिन यांना 29 ऑगस्टला डेटनच्या सभेत घेऊन उभे राहिले. तो त्यांचा बहात्तरावा वाढदिवस. काही दिवस गर्दी लोटली, पाहण्यांचे आकडेही चढले. मग टीव्हीवरच्या मुलाखती सुरू झाल्या. मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेर विचारलं, तर सुमारे 60 टक्के लोक म्हणाले, ही बाई अध्यक्ष व्हायला लायक नाही. बहात्तरीच्या उमेदवारामागची खुर्ची ही. मरणाच्या वर्षी आलेल्या आत्मकथनात मॅकेन यांनी लिबरमन यांना न घेतल्याचा पस्तावा लिहून ठेवला.

क्रिस्टोफर डिव्हाइन आणि काइल कोपको या दोन अभ्यासकांनी या विषयाचा पिच्छाच पुरवला आहे. त्यांचं म्हणणं, मतदार दुसऱ्या नावासाठी फारसं मत देत नाही, जोडीदाराचं राज्यही आपोआप झोळीत पडत नाही. मतदार निवडणाऱ्याला जोखतो: याला माणूस कळतो का? आपल्याकडे स्थळ बघायला गेलेली मावशी मुलाचे मित्र कोण ते विचारते, तसंच.

सगळ्यांत वाईट वाटतं ते टॉम ईगल्टन यांचं. 1972च्या जुलैमध्ये डेमोक्रॅट उमेदवार जॉर्ज मॅकगव्हर्न यांनी त्यांना जोडीला घेतलं आणि लगेच बाहेर आलं, की नैराश्यासाठी ते तीनदा रुग्णालयात होते, विजेचे झटकेही घेतले होते. मॅकगव्हर्न म्हणाले, मी हजार टक्के यांच्या पाठीशी आहे. अठराव्या दिवशी ईगल्टन बाहेर. 'टाइम'च्या पाहणीत मात्र 77 टक्के लोकांनी सांगितलं होतं, आमच्या मतात त्यामुळे फरक पडणार नाही. ते 'हजार टक्के' मॅकगव्हर्न यांना जन्मभर चिकटले. राज्यं पन्नास, त्यांना मिळालं एक, मॅसॅच्युसेट्स, आणि राजधानी.

आता कुणी म्हणेल, लोकांचं ऐकलंच पाहिजे असं कुठे आहे? खरं आहे. 1944 साली डेमोक्रॅट मतदारांना गॅलप या पाहणी संस्थेने उपाध्यक्ष कोण हवा ते विचारलं, तेव्हा 65 टक्क्यांना त्या पदावर असलेलेच हेन्री वॉलेस हवे होते, हॅरी ट्रुमन फक्त दोन टक्क्यांना. पक्षातल्या बड्यांनी ट्रुमन आणले. त्यांनी उपाध्यक्षपदाचे 82 दिवस काढले तोच अध्यक्ष रूझवेल्ट गेले आणि ट्रुमन त्यांच्या खुर्चीत बसले. अणुबाँब तयार होतोय हे त्यांना नीटपणे कळलं ते त्यानंतर. लोकांनी त्यांना आधी 87 टक्के पसंती दिली, पुढे 22वर आणून ठेवली. पण निदान वॉलेस यांचं नाव विचारलं तरी गेलं होतं.

आपल्याकडे हा प्रश्नच नाही. उपराष्ट्रपती खासदार निवडतात. नऊ सप्टेंबर 2025ला आपले तेव्हाचे राज्यपाल सी. पी. राधाकृष्णन 452 विरुद्ध 300 मतांनी निवडून आले आणि मलबार हिल सोडून दिल्लीला गेले. तुम्हाआम्हाला कुणी काही विचारलं नाही. उपमुख्यमंत्र्यांचं तर नावही घटनेत नाही, त्यामुळे ते किती असावेत याला वेगळी मर्यादाही नाही.

तर मुखपृष्ठ बदललेलं नाही. वितरकांना तसं कळवलं. ते म्हणाले, ठीक आहे, मालक तुम्ही. फोन ठेवला, छापखान्यात गेलो आणि गेल्या वर्षीपेक्षा दोनशे प्रती कमी सांगून आलो.