गोरोबाकाकांच्या घरातली शपथ : चांगला जोडीदार कोणास म्हणावे? #थ्रेड

१/
धाराशिव जिल्ह्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारग्रंथात ते पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असल्याची नोंद आहे. आज मात्र हे गाव ओळखले जाते ते तेरणाकाठच्या संत गोरोबाकाकांच्या समाधीमुळे. त्यांच्या भक्तीविषयी आपण पुष्कळ ऐकले आहे. आज त्यांच्या संसाराविषयी.

२/
कथा सर्वपरिचित आहे. पत्नी संती पाण्याला निघाली आणि तान्ह्याकडे लक्ष ठेवण्यास सांगून गेली. काका चिखल तुडवताना नामस्मरणात हरवले; रांगत आलेले मूल पायांखाली गेले. परतलेल्या आईने आकांत केला, विठ्ठलालाही बोल लावला. काका संतापून तिच्यावर धावून गेले. तेव्हा ती म्हणाली, मला हात लावाल तर तुम्हांला विठोबाची आण.

३/
काका जागीच थबकले. पुढे वंश खुंटू नये म्हणून संतीची धाकटी बहीण रामी हिच्याशी त्यांचे लग्न लावण्यात आले. दोघींना सारखेच वागवा, असे सासऱ्यांनी बजावले. काकांनी तो शब्दही अक्षरशः घेतला आणि रामीलाही स्पर्श केला नाही. एका रात्री बहिणींनी झोपलेल्या काकांचे हात आपल्या अंगावर घेतले. जाग येताच काकांनी ते हात तोडून टाकले. पुढे पंढरपुरी, नामदेवांच्या कीर्तनात, हातही परत आले आणि मूलही.

४/
हा इतिहास की आख्यायिका? परंपरा काकांचा काळ १२६७ ते १३१७ मानते. ही कथा विस्ताराने सांगणारा महिपतींचा ‘भक्तविजय’ १७६२ चा आहे. घटना म्हणून ती सिद्ध करता येणार नाही. परंतु पिढ्यान्‌पिढ्या कीर्तनांतून ऐकलेली कथा, समाजाने पुरुषाच्या थोरवीची कोणती कल्पना उराशी बाळगली, हे नक्की सांगते.

५/
रूढ निरूपणात कथेचा कळस म्हणजे हात तोडणे. माझ्या मते तो कळस खूप आधी येतो : उगारलेला हात थांबतो तेव्हा. ज्या काळी पत्नीच्या नकाराला घरात काही किंमत असेल, असे कोणी गृहीत धरत नव्हते, त्या काळच्या कथेत एक पुरुष तिच्या एका वाक्यापुढे थांबतो. चांगल्या जोडीदाराची ही पहिली पायरी.

६/
मात्र पहिली पायरी म्हणजे घर नव्हे. शपथ संतीने घातली होती, तीही पोटचे मूल गमावल्याच्या दुःखात. दुःख निवळल्यावर तिला काय हवे होते? रामीने तर कोणतीच आण घातली नव्हती. तरी तिच्या वाट्याला तेच एकाकीपण आले. काकांनी शब्द पाळला, पण शब्द उच्चारणारीला पुन्हा विचारले नाही. कुंभाराचे हात म्हणजे घराची चूल. शिक्षा त्यांनी स्वतःला दिली; भोग तिघांच्या नशिबी आला.

७/
आणि सगळ्याच्या मुळाशी एक साधी विनंती होती : मुलाकडे लक्ष ठेवा. असामान्य त्यागाची वेळ आली, कारण सामान्य कामात लक्ष नव्हते.

८/
तुलनेसाठी पुण्याकडे पाहा. जोतीराव फुले यांना अपत्य नव्हते. दुसरे लग्न करण्याचा मार्ग त्या काळी सर्वमान्य होता. जोतीरावांनी तो नाकारला. सावित्रीबाईंसह त्यांनी एका विधवेचा मुलगा, यशवंत, दत्तक घेतला. तेथे ना शपथ, ना चमत्कार. फक्त दोघांनी मिळून घेतलेला निर्णय. मला हे अधिक अवघड वाटते.

९/
काकांविषयीचा आदर यामुळे उणावत नाही. थापटण्याने संतांची डोकी ठोकून कोण पक्के, कोण कच्चे हे सांगणारे तेच. मडके पारखायचे तर ठोकून भागत नाही, त्याचा नादही ऐकावा लागतो. हीच कसोटी आपल्याला लावून पाहावी. जोडीदारासाठी आपण काय सोडले, हे मोजणे सोपे असते. ती काल काय म्हणाली आणि आज काय म्हणते, हे आपण ऐकले का?

१०/
चैत्र वद्यात काकांच्या यात्रेला तेरला जाल, तेव्हा समाधीपुढे माथा टेकताना संती आणि रामी यांचीही आठवण ठेवा.