जनरेटर घेण्याआधी त्याची जागा ठरवा

पावसाळ्याच्या तोंडावर एक गुरुजी दवाखान्यात आले. त्यांच्या आईला फुप्फुसांचा जुना विकार असून घरी ऑक्सिजन कॉन्संट्रेटर लावलेला आहे. गुरुजींच्या हातात जनरेटरची दोन-तीन माहितीपत्रके होती.

"डॉक्टर, आमच्याकडे पाऊस सुरू झाला की लाइट गेलीच. दोन केव्हीएचा घेऊ की तीनचा?"

मी विचारले, "ठेवणार कुठे?"

"मागच्या पडवीत. भिजायला नको आणि चोरीचीही भीती नको."

पडवीला लागूनच आईची खोली आणि मध्ये एक खिडकी. माहितीपत्रके मी बाजूला ठेवली.

पेट्रोल वा रॉकेल जाळणाऱ्या कोणत्याही इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला ना वास, ना रंग. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. आधी डोके दुखते, मग मळमळ, चक्कर. घरातील मंडळींना वाटते पित्त झाले. झोपलेल्या माणसाला तर तेवढेही कळत नाही. कोविडनंतर पुष्कळ घरांत बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आले आहे. या विषबाधेत त्यावर विसंबू नये, कारण ते आकडा चांगलाच दाखवत राहते. एकाच वेळी घरातील दोघा-तिघांचे डोके दुखू लागले, तर प्रथम सर्वांनी बाहेर मोकळ्या हवेत यावे, मग रुग्णालय गाठावे.

म्हणून माझे मत असे, की ज्यांच्या घराला मोकळे अंगण नाही त्यांनी जनरेटर घेऊच नये. गॅलरी, जिन्याखालची जागा, पडवी, शटर अर्धे उघडे ठेवलेला गाळा, यांपैकी काहीही चालत नाही. खिडक्या उघड्या ठेवल्या, पंखा लावला, तरी नाही. दारे-खिडक्यांपासून किमान वीस फूट लांब, धुराचे तोंड घराच्या उलट दिशेला, एवढी जागा हवी. मशिनवर पाऊस पडू नये म्हणून चारी बाजूंनी उघडे छप्पर करावे. दुकानदार हे सांगत नाहीत. ते आवाज आणि ॲव्हरेज सांगतात.

मग वीज गेल्यावर काय? पाच लिटरच्या कॉन्संट्रेटरला साधारण साडेतीनशे वॅट लागतात. चांगला इन्व्हर्टर आणि दीडशे अँपिअर-तासाची बॅटरी तो दोन-तीन तास ओढते. शेजारी भरलेला सिलिंडर आणि तो लावता येणारा एक माणूस असावा. इन्सुलिनसाठी तर जनरेटर मुळीच नको. वापरात असलेली कुपी थंड, सावलीच्या जागी साधारण महिनाभर टिकते. उन्हाळ्यात ती प्लॅस्टिकच्या डबीत घालून माठाजवळ ठेवावी.

तरीही जनरेटर लागतो, हे मी नाकारत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. त्यानंतर श्रीवर्धन, मुरूड, दापोलीकडच्या कित्येक गावांत काही आठवडे वीज नव्हती. तिथे कोणता इन्व्हर्टर पुरणार? अशा गावांत चार घरांनी मिळून एक जनरेटर घ्यावा आणि मोकळ्यावर ठेवून दिवसा बॅटऱ्या भरून घ्याव्यात. रात्री शेजारी मशिन लावून झोपू नये. इंजिन गरम असताना पेट्रोल ओतू नये. आणि त्याची वायर घरातल्या प्लगमध्ये खोचण्याचा उद्योग तर कुणीच करू नये. ती वीज उलटी तारेत जाते आणि खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतते. चेंजओव्हर स्विच बसवायला जाणकार इलेक्ट्रिशियनच बोलवावा.

गुरुजी त्या दिवशी थोडे नाराज होऊनच गेले. परवा बाजारात भेटले. इन्व्हर्टर बसला आहे, सिलिंडर आईच्या खोलीत आहे आणि तो लावायला सूनबाई शिकल्या आहेत. पडवीत यंदाही सरपणच भरले आहे म्हणाले.