‘वैयक्तिक कारणास्तव’ नव्हे, खरे कारण लिहा!

मध्यंतरी एका स्नेह्यांचा मुलगा रात्री उशिरा आमच्या घरी आला. वस्तीतला पहिला डॉक्टर. शस्त्रक्रिया विभागात निवासी डॉक्टर म्हणून पहिले वर्ष चालू होते. म्हणाला, “काका, मी सीट सोडतोय. एचओडी सरांना काय सांगू?” आम्ही झटकन बोलून गेलो, “वैयक्तिक कारणास्तव, एवढेच लिही आणि कागदपत्रे सोडवून घे.” त्याने तसेच केले. त्या सल्ल्याची आज आम्हाला लाज वाटते.

कारण वैयक्तिक नव्हतेच! सलग छत्तीस तासांची ड्युटी सगळ्यांच्याच वाट्याला येते. (केंद्र सरकारच्या १९९२ च्या निवासी डॉक्टर योजनेत सर्वसाधारणपणे बारा तासांपेक्षा अधिक सलग ड्युटी नको, असे म्हटले आहे. ते कागदावरच आहे.) परंतु वरिष्ठ निवासी डॉक्टरांनी वॉर्डात सर्वांसमोर याचा प्रवेश परीक्षेचा गुणक्रमांक विचारायचा, ‘कोट्यातले’ म्हणून हसायचे, थिएटरमध्ये इतरांच्या हाती सुई-दोरा आणि याच्या हाती रक्ताच्या बाटल्या पोचवायचे काम द्यायचे, हे सगळ्यांच्या वाट्याला येते काय?

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने माहिती अधिकारात दिलेल्या आकड्यांनुसार पाच वर्षांत १,२७० विद्यार्थ्यांनी वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडले. त्यांत १,११७ पदव्युत्तरचे होते. त्याच काळात १२२ जणांनी आत्महत्या केल्या. सोडून गेलेल्यांपैकी किती जण जातीच्या टोमण्यांना कंटाळून गेले, हे त्या आकड्यांतून कसे निघणार? आमच्यासारखे शहाणे काकाच ‘वैयक्तिक’ लिहायला सांगतात!

मुंबईच्या नायर रुग्णालयातील डॉ. पायल तडवी हिने २२ मे २०१९ रोजी जीवन संपवले. तीन वरिष्ठ महिला डॉक्टरांवर जातीय छळाचा आरोप ठेवून खटला भरला गेला. आपण आधीच तक्रार केली होती, असे तिच्या आईचे म्हणणे आहे. तोंडी सांगितलेले हवेत विरते. लेखी मात्र टोचते. महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे लेखी तक्रार आली की संस्थाप्रमुखाला सात दिवसांत चौकशी करावी लागते. जातीवरून अपमान झाला असेल तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहेच.

बाबासाहेबांनी १९५१ च्या सप्टेंबरमध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला तेव्हा ‘प्रकृतीच्या कारणास्तव’ म्हणून मोकळे होणे त्यांना अवघड नव्हते, प्रकृती खरोखरच ढासळली होती. त्यांनी हिंदू कोड बिलापासून अस्पृश्यांच्या उपेक्षेपर्यंत सारी कारणे निवेदनात मांडली. प्रत आधी द्या म्हणून सभागृहात अडवले गेले, तेव्हा ते बाहेर पडले आणि निवेदन वृत्तपत्रांच्या हाती दिले.

तेव्हा ज्यांना सोडायचेच आहे त्यांनी एचओडींना समोरासमोर भेटून सांगावे, वरिष्ठामार्फत निरोप पाठवू नये. त्याच दिवशी कारणांसह पत्र विभागात आणि अधिष्ठात्यांच्या आवक शाखेत द्यावे, पोच घ्यावी. सही करण्याआधी बंधपत्र वाचावे. सीट सोडण्याचा लाखोंचा दंड रद्द करून त्याऐवजी एक वर्ष प्रवेशबंदी ठेवा, असे आयोगाने जानेवारी २०२४ मध्ये राज्यांना सुचवले. आपल्या महाविद्यालयात काय लागू आहे, ते लेखी विचारावे. मूळ कागदपत्रे अडकण्याची भीती खोटी नाही. म्हणूनच जाताना एकट्याने जाऊ नये.

आणि आईवडिलांनो, “राखीव सीट वाया घालवलीस” हे वाक्य तेवढे गिळा. मुदतीनंतर सोडलेली सीट त्या वर्षी रिकामी राहते, हे खरे. पण ती रिकामी कोणी केली? पोराने की त्याला तिथे टिकू न देणाऱ्यांनी?

आमचा तो मुलगा सध्या तालुक्याच्या गावी एका दवाखान्यात बसतो, पुढच्या परीक्षेचा अभ्यास करतो. त्याने आता अधिष्ठात्यांना दुसरे पत्र लिहिले आहे, तारखा आणि नावांसह तीन पाने. सोमवारी ते द्यायला आम्ही त्याच्याबरोबर जात आहोत.