पिशाच्चाचे कूळ, वाचकाचे मत

खेळावरून लिहिलेली रक्तपिपासू पिशाच्चाची कादंबरी ही मुळात कादंबरीच नव्हे, आणि तिच्याविषयी सामान्य वाचक जे बोलतात त्याला मत म्हणू नये, असे मोठ्या ठामपणे सांगणारे लोक आहेत. सांगणारे पुष्कळ वाचलेले असतात, म्हणूनच त्यांना उत्तर देणे भाग आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: कादंबरी लेखकाच्या अनुभवातून उगवते, खेळ ही नुसती करमणूक, करमणुकीतून निघालेले पुस्तक म्हणजे विक्रीचा माल, त्यातले जग उसने, पात्रे उसनी, शेवट कंपनीने आधीच ठरवलेला, आणि अशा पुस्तकाबद्दल ‘भीती वाटली’ किंवा ‘मध्येच कंटाळा आला’ म्हणणारा माणूस वाचक नसून गिऱ्हाईक. हिंगोली-वसमतकडच्या वाचकाला तर जे मिळते तेच आवडते, हा टोमणाही या युक्तिवादाच्या शेपटाला बांधलेला असतो.

पहिला मुद्दा खेळाचा, आणि तोच सगळ्यांत पोकळ आहे. ज्या साहित्यप्रकाराला हे लोक खेळाचा विटाळ झाला म्हणतात, तो प्रकार जन्मलाच एका खेळातून. १८१५ साली तांबोरा ज्वालामुखीचा उद्रेक झाला, त्यामुळे पुढच्या वर्षी युरोपचा उन्हाळा गारठला, आणि १८१६च्या जूनमध्ये जिनिव्हाच्या सरोवराकाठी एका बंगल्यात काही तरुण मंडळी पावसाने अडकून पडली. जर्मन भुताच्या गोष्टींचे फ्रेंच भाषांतर वाचून झाल्यावर कवी बायरनने पैज मांडली, की प्रत्येकाने एक भुताची गोष्ट लिहायची. त्या पैजेतून मेरी शेलीची ‘फ्रँकेन्स्टाइन’ निघाली. बायरनने स्वतःची गोष्ट अर्ध्यात टाकली; तीच कल्पना उचलून त्याचा डॉक्टर जॉन पॉलिडोरी याने ‘द व्हॅम्पायर’ लिहिली. १८१९ साली ती मासिकात छापून आली, तीही बायरनच्या नावावर. उमरावाच्या वेषात बैठकीत वावरणारे रक्तपिपासू पिशाच्च इंग्रजी गद्यात आले ते या वाटेने: पैज लावून, उसन्या कल्पनेवर, दुसऱ्याच्या नावाने. १८९७ची ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ त्याच घराण्यातली. १९७४ साली अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ आला. त्यात एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे आपापल्या पात्राच्या तोंडून बोलतात आणि अडल्या जागी फासा निकाल देतो. १९८३ साली त्याच खेळात ‘रेव्हनलॉफ्ट’ हे प्रकरण आले. त्यातला स्ट्राड हा सरदार धाकट्या भावाचा त्याच्याच लग्नाच्या दिवशी खून करतो, कारण त्याला भावाची नवरी हवी असते. ती कड्यावरून उडी घेते आणि हा न मरता पिशाच्च होऊन उरतो. त्याला मारायचे साधन त्याच्या वाड्यात कुठे दडले आहे हे दर डावाला पत्ते पिसून ठरते. १९९१ साली क्रिस्टी गोल्डन यांनी याच जगावर ‘व्हॅम्पायर ऑफ द मिस्ट्स’ ही कादंबरी लिहिली. म्हणजे खेळातून गोष्ट, गोष्टीतून खेळ आणि खेळातून पुन्हा गोष्ट असा हा प्रवास आहे. यातला नेमका शेवटचा टप्पा बाटलेला आणि पहिला पवित्र, हे कोणत्या न्यायाने? आणि खेळ हलका, हे मराठी माणसाने तरी म्हणू नये. तुकोबांनी विटीदांडू, हुतूतू, टिपऱ्या, फुगड्या घेऊन अभंग रचले. नाथांनी भारुडात जोशी, वासुदेव, महारीण अशी सोंगे घेतली. सापशिडीचा पूर्वज असलेला मोक्षपट आपण ज्ञानेश्वरांच्या नावाने सांगतो. सोंग घेऊन बोलणे ही आपल्याकडे परमार्थाची पायवाट होती. अमेरिकेतल्या चार पोरांनी टेबलाभोवती बसून तेच केले की तो पोरखेळ का ठरावा?

उसनेपणाचा आक्षेप जुना आहे, दर पिढीला कोणीतरी तो पुन्हा बाहेर काढतो. नारायण धारपांची ‘लुचाई’ स्टीफन किंगच्या १९७५च्या ‘सेलम्स लॉट’वर बेतलेली आहे, दोन्ही वाचलेल्याला हे नाते ओळखायला वेळ लागत नाही. पण किंगने तरी काय केले? ड्रॅक्युला आजच्या अमेरिकेतल्या छोट्या गावात आला तर काय होईल, या प्रश्नातून त्याची कादंबरी सुरू झाली. आगरकरांचे ‘विकारविलसित’ १८८३ साली ‘हॅम्लेट’वरून आले, देवलांचे ‘झुंजारराव’ १८९० साली ‘ऑथेल्लो’वरून, आणि ज्या ‘संशयकल्लोळ’वर मराठी माणूस जीव टाकतो त्याचे मूळ इंग्रजीमार्गे मोलिएरपर्यंत पोचते. देवलांनी घेतले की रूपांतर आणि धारपांनी घेतले की चोरी, हा निवाडा पुस्तके वाचून केलेला नाही. नाटकाला प्रतिष्ठा आहे आणि भयकथेला नाही, एवढ्यावर तो उभा आहे.

ठरलेल्या शेवटाबद्दल मात्र थोडे मान्य करावे लागते. स्ट्राड हा खेळाच्या मालकांचा खांब आहे, तो पुढच्या डावालाही लागणार, म्हणून कादंबरीकाराला त्याला सुखासुखी मारता येत नाही. पण बांधलेला शेवट म्हणजे मेलेली कला, हे खोटे आहे. कीचक मरणार हे खाडिलकरांच्या १९०७च्या ‘कीचकवधा’ला येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होते. तरीही लोकांना त्या कीचकात लॉर्ड कर्झन दिसला, आणि सरकारला ते नाटक इतके झोंबले की १९१०मध्ये त्यावर बंदी आली. शेवट ठाऊक असला की प्रेक्षक ‘काय होणार’ सोडून ‘कसे होणार’ पाहू लागतो. लेखकाचे कसब तिथेच उघडे पडते.

आता वाचक. गावोगावच्या वाचनालयात भयकथेचे पुस्तक पाहावे: पुठ्ठ्याची बांधणी सुटलेली, कोपरे मऊ पडलेले, तारखांचे शिक्के एकावर एक, आणि शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने कोणीतरी लिहिलेले की रात्री एकट्याने वाचू नये. खाली दुसऱ्या अक्षरात, की एवढे काही नाही, शेवट घाईत उरकला आहे. या दुसऱ्या वाक्यात समीक्षा नाही असे ज्यांना वाटते, त्यांनी शेवट घाईत उरकणे हा दोष आहे की नाही एवढेच सांगावे. मत सांगायला पात्रता लागते हे बरोबर. पण ती पदवीने किंवा पत्त्याने येते, हे याच हिंगोली जिल्ह्यात फार पूर्वी मोडीत निघाले आहे. नरसीच्या नामदेवांना औंढ्याच्या देवळासमोर कीर्तन करू दिले नाही, ते मागे जाऊन उभे राहिले आणि देऊळच फिरले, अशी आख्यायिका आहे. औंढ्याचा नंदी आजही देवळाच्या मागच्या बाजूला दाखवतात. आख्यायिकेला इतिहास म्हणू नये, पण कोणी कुठून बोलावे हे ठरवणाऱ्यांबद्दल इथल्या लोकांना काय वाटत आले, ते तिच्यात स्पष्ट आहे. ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ या वादात दोन्ही पक्षांनी रकानेच्या रकाने भरले, आणि वाचनालयातून पुस्तक घरी नेणाऱ्याला विचारायचे दोघांनाही फारसे सुचले नाही. तीच खोड अजून चालू आहे.

माझी बाजू एवढीच, की अशा कादंबरीला कादंबरी म्हणूनच तपासावे, आणि तपासणीत वाचकाच्या मताला पुराव्याचा मान द्यावा. खेळ खेळलेला वाचक नियम जाणतो. पिशाच्चाला कशाचे बंधन आहे आणि कशाची मोकळीक, हे त्याला पाठ असते, आणि लेखकाने सोयीसाठी नियम मोडला की तो लगेच पकडतो. १९९१च्याच ‘व्हॅम्पायर : द मास्करेड’ या खेळात खेळणारा स्वतःच पिशाच्च असतो आणि क्रूरपणा केला की त्याच्या खात्यावरची माणुसकी घटत जाते, तो खेळून आलेला वाचक कादंबरीतल्या पिशाच्चाकडे शिकारीच्या जागेवरून पाहतो, आणि ही जागा जुन्या भयकथेने त्याला क्वचितच दिली होती. न खेळलेल्या वाचकाचे मत तर त्याहून मोलाचे. रेव्हनलॉफ्टच्या जगाला धुक्याचे कुंपण आहे, ते माणसांना आत ओढते आणि बाहेर जाऊ देत नाही. खेळणाऱ्याला त्याचे काही वाटत नाही. कळमनुरीतला किंवा सेनगावातला, फासा कधी हातात न घेतलेला वाचक मात्र विचारतो, की हे धुके येते कुठून आणि याच माणसाला का ओढते. कादंबरीने याचे उत्तर स्वतःच्या पानांत दिले नसेल तर दोष कादंबरीचा आहे, आणि तो दाखवून दिल्याचे श्रेय त्या वाचकाचे.